आत बसलेली ओळबाई

ज्याला एकटे राहायचे आहे त्याला सुखाने एकटे राहू द्यावे, एवढी साधी गोष्ट जगाला का जमत नाही, हा प्रश्न ओळबाईने एक्केचाळीस वर्षांत कुणालाही विचारला नाही. कारण तो विचारण्यासाठी आधी कुणाशी तरी बोलावे लागले असते. बोलण्याचे तिला वावडे होते. बोलण्याच्या ओळी करणे हे मात्र तिचे काम होते आणि त्या कामात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. परभाषेतल्या मालिकांच्या पडद्यावर तळाशी जी अक्षरे उमटतात, ती ओळबाई घरी बसून लिहीत असे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत अडतीसच अक्षरे. बोलणाऱ्याचे तोंड उघडताच ओळ यावी आणि मिटताच जावी. मूळ संवाद कितीही पुटपुटलेला असो, ओळबाई कानांवर यंत्र चढवून तो दहा-दहा वेळा ऐके आणि शेवटी पकडेच. ज्या जागी शब्द लागत नाहीत तिथे ‘अश्राव्य’ अशी खूण करून मोकळे होण्याची मुभा या धंद्यात असते. नऊ वर्षांत तिने ती मुभा एकदाही घेतली नव्हती. कंपनीला तिचा चेहरा ठाऊक नव्हता, पण तिच्या कानांची ख्याती होती.

ती राहत होती एका रंगांच्या दुकानावरच्या मजल्यावर, आणखी दोघींबरोबर. त्यांतली एक कपडे उसवून लहानमोठे करून देणारी, तिला दोराबाई म्हणत. दुसरी सहासष्ट वर्षांची निवृत्त ग्रंथपाल. जागा तिच्या नावावर होती आणि तिला सगळ्या मावशी म्हणत. तिघी एकट्या, तिघी माणसांना बिचकणाऱ्या, आणि तिघींनाही त्याबद्दल नातेवाइकांकडून जन्मभर टोमणे खावे लागलेले. त्यामुळे या घरात आपोआप एक शिस्त रुजली होती. कुणी कुणाला काही विचारायचे नाही आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून तीन खुर्च्या एका रांगेत मांडलेल्या होत्या. पाचला तिघी तिथे चहा घेत, आणि बोलायचेच झाले तर खिडकीला उद्देशून बोलत. चहानंतर मावशी तिथेच बसून फोनच्या पडद्यावर मालिका बघत. कोण आले, कोण गेले, हे पावलांवरून कळे. ओळबाईच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल होता; जिन्यावर तिचा एक पाय आपटे आणि दुसरा घासे. दारापाशी ती दोनदा कोरडे खोकत असे. एवढे पुरेसे होते. ज्यांची तोंडे आपण कधी न्याहाळली नाहीत अशा माणसांबरोबर नऊ वर्षे निर्धास्त राहता येते, हे बाहेरच्यांना सांगून पटले नसते, आणि या तिघींना ते कुणाला पटवायचेही नव्हते.

या शांततेत पहिला खडा पडला तो एका विनोदी अ‍ॅनिमे मालिकेचा, म्हणजे हलत्या चित्रांच्या जपानी गोष्टीचा. बंद पडलेल्या तारघरात राहणाऱ्या पाच प्रौढ बायका. त्यांना उजेडाची धास्ती, माणसांची धास्ती, टेलिफोनची तर फारच धास्ती. त्यांच्या मागावर एक केशभूषाकार स्त्री, जी हातात कंगवा घेऊन कधी कपाटातून, कधी पिठाच्या डब्यातून, तर कधी गटाराच्या झाकणाखालून उगवते आणि एकीला धरून सुंदर करून सोडते. सुंदर झालेली बाई दर भागाच्या शेवटी रडवेल्या तोंडाने एवढेच म्हणते, ‘आता तरी मला घरी जाऊ द्या.’ त्या वाक्यावर लोक गडाबडा लोळत. ते वाक्य ओळबाईच लिही. ते लिहिताना तिला हसू येत नसे, पण ओळ चोख बसली याचे समाधान असे.

मालिका गाजली तशी कंपनीच्या जाहिरात विभागाला वाचा फुटली. त्यांनी स्पर्धा काढली: आपल्या घरातली अशी कोंदट बाई कळवा, आम्ही तिला बदलून देऊ. ओळबाईच्या धाकट्या भावाच्या बायकोने त्याच दिवशी अर्ज भरला. ही भावजय म्हणजे दुसऱ्याचे भले करण्याचे व्यसन जडलेली बाई होती, आणि या व्यसनाचा त्रास नेहमी शेजाऱ्याला होतो. अर्जावर नणंदेचा व्यवसाय वाचून जाहिरात विभागात आनंदाला उधाण आले. आपल्या मालिकेच्या ओळी लिहिणारीच तशी निघाली, याहून चांगली जाहिरात कोणती?

ओळबाईने नकार कळवला. तेव्हा जाहिरातवाल्या बाईने अत्यंत गोड आवाजात फोनवर सांगितले की मालिकेच्या पुढच्या सत्राचे काम कुणाकडे द्यायचे हे अद्याप ठरलेले नाही. मग भावजयीचा फोन आला.

“ताई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. केस कापतील, कपडे देतील. कुणी तुम्हाला खाणार नाहीये.”

“मी हो म्हटलेलं नाही.”

“तुम्ही कधी कशाला हो म्हटलंय? म्हणून तर सही मीच केली.”

काम सुटले तर खोली सुटणार, आणि खोली सुटली तर भावाच्या घरी याच बाईच्या नजरेखाली राहावे लागणार, हे ओळबाईला लख्ख दिसले. ती गेली. जाण्यापूर्वी कंपनीने बेचाळीस प्रश्नांची एक यादी पाठवली होती. घरी पोचल्यावर तुम्ही काय करता? कुठे बसता? कशा बसता? दुसरी कुणी असती तर दोन शब्दांत बोळवण केली असती. पण अर्धवट ओळ सोडणे ओळबाईच्या स्वभावात नव्हते. तिने पट्टा सैल असलेल्या चपलेपासून दोन खोकल्यांपर्यंत, उजवीकडच्या पहिल्या खोलीपासून पाचच्या चहापर्यंत सारे नीटनेटके लिहून दिले. तिघी खिडकीकडे तोंड करून बसतो आणि एकमेकींकडे बघत नाही, हेही लिहिले. विचारले होते म्हणून लिहिले.

जिथे तिला नेले त्या खोलीत इतके दिवे होते की कुणाचीच सावली पडत नव्हती. चार-पाच माणसे तिच्याभोवती फिरत होती आणि तिच्याविषयी, तिच्यासमोर, ती तिथे नसल्यासारखे बोलत होती. हिचे कान उघडे टाका. हिच्या भुवया तर दोन्हीकडे वेगवेगळ्या आहेत. हिला चष्मा नको, डोळ्यांत भिंगे घाला. आरसा कापडाने झाकून ठेवला होता. शेवटी एकदम दाखवायचा असतो म्हणे. पहिल्या तासाभरातच केशभूषाकाराने उत्साहाच्या भरात कात्री चालवली आणि कमरेपर्यंतची वेणी जमिनीवर पडली. दिव्यांची मांडणी पुरी करून कॅमेरावाला आला तेव्हा त्याने वेणीकडे पाहिले, ओळबाईकडे पाहिले आणि विचारले, “आधीचं कुठे घेतलंय?”

आधीचे कुणीच घेतले नव्हते. बदलण्यापूर्वीची बाई चित्रित करायची राहून गेली होती, आणि आता ती जगात कुठेच शिल्लक नव्हती. बराच वेळ कुजबुज झाली. जाहिरातवाली बाई येऊन विचारून गेली की तुमच्या घरी येऊन थोडे चित्रण केले तर चालेल का. ओळबाई म्हणाली, आमच्याकडे बाहेरचे कुणी येत नाही. बाईने मान डोलावली आणि ती इतक्या सहज निघून गेली की ओळबाईला उगाचच अपराधी वाटले. तिचे जुने कपडे, करडा स्वेटर, चष्मा, चपला आणि पिशवी एका खोक्यात भरून कुणीतरी उचलून नेली. घरी पोचती करतो, असे सांगितले.

रात्री तिला तिथेच ठेवून घेतले. दुसरा दिवस चालणे आणि बोलणे शिकवण्यात गेला. पोटातून बोला. टाच आधी टेका. कोपऱ्यात एक सडपातळ बाई दोन्ही दिवस नुसती बसून होती. तिची ओळख कुणी करून दिली नाही. ओळबाई खोकली की त्या बाईचा गळा किंचित हले, एवढे मात्र तिच्या ध्यानात आले होते. दुपारनंतर ती बाई दिसली नाही.

चार वाजता कापड ओढले. आरशात एक बाई उभी होती. ओळबाई सभ्यपणे वाट बघत राहिली, की ही बाजूला झाली म्हणजे आपल्याला स्वतःला बघता येईल. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. आरशातल्या बाईचे तोंड उघडले आणि मिटले. त्यातून काही शब्द आले असावेत, पण काय आले हे ओळबाईला नंतर कधीच आठवले नाही. जन्मात पहिल्यांदाच तिच्याकडून एक वाक्य निसटले होते.

सहाला गाडीने तिला रंगांच्या दुकानापाशी सोडले. दुकानदार पायरीवर बसला होता. नऊ वर्षे ज्याच्यासमोरून ती रोज मान खाली घालून गेली तो माणूस अदबीने उठून म्हणाला, “वरच्या बायका कुणाला भेटत नाहीत हो, बाईसाहेब.” ती जिना चढली. नव्या बुटांच्या टाचा पायऱ्यांवर खिळे ठोकल्यासारख्या वाजत होत्या. तो आवाज आपला आहे हे तिला प्रत्येक पायरीवर नव्याने कळत होते. किल्ल्या जुन्या पिशवीत राहिल्या होत्या. तिने दारावर थाप मारली.

आत शिवणयंत्र थांबले. दोराबाईची पावले दारापर्यंत आली. दार उघडले नाही.

“कोण आहे?”

“मी आहे. दार उघड.”

“मी म्हणजे कोण?”

नाव सांगताना शिकवल्याप्रमाणे आवाज पोटातून आला, भरदार आणि परका. तो ऐकून तिलाच शहारे आले.

“अहो बाई, ओळबाई घरात आहे,” दोराबाई म्हणाली. “केव्हाची आलीय. बसलीय आत. ती कुणाला भेटत नाही, आणि तुम्ही तिच्या नावानं दार ठोठावता? काय म्हणावं?”

आणि तेवढ्यात दाराच्या पलीकडून, बाहेरच्या खोलीच्या फरशीवरून, एक पाय आपटत आणि एक घासत कुणीतरी चालत गेले. पाठोपाठ खोकल्याचा आवाज आला. दोनदा, कोरडा.

ओळबाईने दाराच्या चौकटीला हात लावला. पहिला विचार मनात आला तो हसण्यासारखा होता: आपण खरोखरच आत असलो, तर इथे कोण उभे आहे? तो विचार लगेच गेला नाही. खोक्यात भरलेल्या चपला, कोपऱ्यातली बाई, बेचाळीस उत्तरे, असे एकेक जुळवून खरा प्रकार उमगायला तिला बराच अवधी लागला. तिने पुन्हा थाप मारली. सांगू लागली की ती मी नाही, ती नटी आहे, माझे कपडे घालून आली आहे.

“खूण सांगा मग,” दोराबाई आतून म्हणाली. तिचा आवाज आता कापत होता. वेड्या बाईला कोण भीत नाही? “माझ्याबद्दल असं काहीतरी सांगा जे ओळबाईलाच ठाऊक आहे.”

ओळबाईने तोंड उघडले. नऊ वर्षे आठवली. सुमारे तीन हजार चहा आठवले. दोराबाईचे माहेर कुठले, तिला भावंडे किती, ती कशाला भिते, कधी रडली होती का, यांतले काहीही तिला ठाऊक नव्हते. विचारायचे नाही ही या घराची शिस्त होती आणि तिघींनी ती इमानाने पाळली होती. मग दोराबाईची पावले आत गेली आणि शिवणयंत्र पुन्हा सुरू झाले, मघापेक्षा जोरात.

मावशी ओळखतील, ही आशा अजून होती. मावशी पाचपासून साडेसहापर्यंत खिडकीपाशी असत. दारापासून सात पावलांवर. ओळबाईने तीनदा हाक मारली. मावशींनी ओ दिली नाही. इतक्या हाका ऐकूनही त्या उठल्या नाहीत, हे तिच्या मनाला फार लागले.

पावणेसातला दार आतून उघडले आणि करडा स्वेटर घातलेली ओळबाई बाहेर आली. खोटी वेणी कमरेपर्यंत होती. चष्मा होता, पाठीचा बाक होता, आणि नजर जमिनीवर होती. जिन्याच्या वळणावर दोघी समोरासमोर आल्या तेव्हा त्या बाईने आधी बाजूला सरून, भिंतीला पाठ लावून वाट दिली. अनोळखी माणूस आला की ओळबाई अगदी असेच करी.

“किल्ल्या द्या,” ओळबाई म्हणाली.

मग त्या बाईने पाठ सरळ केली आणि एकदम ती दुसरीच कुणीतरी झाली. तिने किल्ल्या हातावर ठेवल्या. स्वेटरच्या वरच्या बटनाजागी काचेचा एक काळा ठिपका होता. तो बंद करत ती बिचारी ओशाळून म्हणाली की मला वाटले, तुम्हाला विचारले असेल. चपला मात्र तिने दिल्या नाहीत. उद्या एक दृश्य राहिले होते.

“तुमचा खोकला फार अवघड हो. घसा सोलून निघाला.” दोन पायऱ्या उतरून ती थांबली. “त्या म्हाताऱ्या बाई फार चांगल्या आहेत. त्यांना जपा.”

आपल्या घरातल्या माणसाला जपण्याची विनंती आपल्याच स्वेटरमधली परकी बाई करून गेली. ओळबाई आत गेली. टाचांचा आवाज ऐकताच दोराबाईच्या खोलीची कडी लागली. मावशींच्या दाराखालून उजेड दिसत होता. ओळबाईच्या अंथरुणावर बसल्याचा खळगा होता, आणि तो बरोबर तिच्याच जागी, तिच्याच मापाचा होता. त्या जागी बसायला तिचे मन होईना.

सकाळी ती अनवाणी, जुनाच एक झगा घालून खुर्चीवर येऊन बसली. जागा तीच होती म्हणून दोराबाईने तिला बिनदिक्कत ओळबाई मानले आणि खिडकीला सांगितले, “काल दारात एक बाई आली होती. म्हणे मीच ओळबाई. लोक वाटेल ते करतात.”

“ती मीच होते.”

“चेष्टा पुरे. तू आत होतीस. मावशींबरोबर चहा घेतलास. मी मशीनवरून बघत होते की, दोघी पाठमोऱ्या.” ती थांबली आणि हळू आवाजात पुढे म्हणाली, “चांगल्या गप्पा चालल्या होत्या तुमच्या. मला वाटलं, इतक्या वर्षांत मला नाही कधी कुणी...” वाक्य तिने पुरे केले नाही.

ओळबाईने मावशींच्या दिशेने मान किंचित वळवली. शिस्तीत बसेल एवढीच. मावशी बाहेर बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. एक शब्द त्यांनी बोलायला हवा होता, आणि तो त्या बोलल्या नाहीत. तेव्हा आपण या घरातून काल संध्याकाळीच गेलो आहोत आणि आज इथे केवळ चहापुरते बसलो आहोत, अशी काहीतरी भावना ओळबाईच्या मनात येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून काम आले. जाहिरातीचे चित्रण, कच्चे, ओळी घालण्यासाठी. एका जागी आवाज फार खाली आहे, पण तुमच्या कानांपुढे काय, अशी चिठ्ठी सोबत होती. परक्याच्या हाताने आपली मान कापायची आणि सुरीला धारही आपल्याकडूनच लावून घ्यायची, ही कार्यालयांची जुनी कला आहे. ओळबाईने कानांवर यंत्र चढवले.

पडद्यावर तिचा जिना होता, तिचे दार, तिची खोली. बटनाच्या उंचीवरून दिसणारी, म्हणून सगळे थोडे मोठे आणि वाकलेले. मग खिडकी आली. दोन पेले. कॅमेरा वळला आणि मावशींचा चेहरा समोर आला. नऊ वर्षांत ओळबाईने तो एवढ्या जवळून पाहिला नव्हता. कपाळावर भाजल्याची एक पांढरी खूण होती. डोळे घारे होते. मावशींचे डोळे घारे आहेत हे कळायला आपल्याला पडदा लागला, या विचाराने ती काही वेळ पुढे जाऊ शकली नाही.

मागे शिवणयंत्र धडधडत होते. त्याखाली दोन आवाज होते. पहिल्या खेपेस काहीच लागले नाही. चौथ्या खेपेस नटीचे वाक्य लागले, तिने तोंड मावशींकडे करून, सावकाश विचारले होते, “तुम्हाला ऐकू येत नाही का?” मावशी तिच्या ओठांकडे बघत होत्या. अकराव्या खेपेस त्यांचे उत्तर अक्षर अक्षर सुटे झाले.

“वर्ष झालं. आधी डावा गेला, आता उजवाही जातोय. या घरात मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ह्या मला टाकणार नाहीत, तशा नाहीत त्या. पण माझ्याकडे बघायला लागतील.”

मग पडद्यावर करड्या स्वेटरची बाही पुढे झाली आणि मावशींच्या हातावर एक हात स्थिरावला. बाही ओळबाईची होती, कोपराजवळचे रफू तिने स्वतः केलेले होते. हात तिचा नव्हता. मावशींनी तो झटकला नाही.

तिने ते दृश्य किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही. पाहता पाहता एक भयंकर गोष्ट घडू लागली: तिला ते आठवू लागले. मावशींच्या हाताची ऊब, पेल्यातून वर येणारी वाफ, सारे आपण अनुभवले आहे असे वाटू लागले, आणि त्याऐवजी जिन्यातला तो पाऊण तास कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा पुसट झाला. तिने कानांवरचे यंत्र काढून ठेवले आणि खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

ओळी तयार होत्या. चौतीस अक्षरांची पहिली, छत्तीस अक्षरांची दुसरी. ती पाठवली असती तर आठवडाभरात मावशींचे बहिरेपण घराघरांत हसत-रडत पाहिले गेले असते, आणि मावशींनी ते स्वतः, खिडकीपाशी बसून, तळाच्या अक्षरांत वाचले असते. मावशी वर्षभर मालिका केवळ आपल्या ओळींवर बघत आल्या आहेत, हेही तेव्हाच ओळबाईच्या डोक्यात शिरले. ज्या शब्दांना आवाज नाही आणि ओळही नाही ते दृश्य प्रसारित करायचे नाही, हा कंपनीचाच नियम होता. तिने दोन्ही ओळी खोडल्या. त्या जागी नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने ‘अश्राव्य’ लिहिले, आणि काम पाठवून दिले. तासाभराने जाहिरातवाल्या बाईचा फोन आला, आवाजात गोडी नव्हती. नक्की लागत नाही का? नाही, ओळबाई म्हणाली. तुम्हालाही? मलाही. दृश्य गळाले. पुढच्या सत्राबद्दल बाई काही बोलली नाही आणि ओळबाईने विचारले नाही.

त्या दिवशी पाचला दोराबाई कपडे पोचवायला गेली होती. खिडकीपाशी दोघीच होत्या. ओळबाई नेहमीच्या जागी बसली आणि खिडकीला म्हणाली, “मावशी, तुम्हाला ऐकू येत नाही.” उत्तर आले नाही, येणार कसे? मग जे त्या घरात कुणी कधी केले नव्हते ते तिने केले. ती उठली, खिडकी आणि मावशी यांच्यामध्ये उभी राहिली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली.

मावशींनी तिच्या ओठांकडे पाहिले. त्या दचकल्या नाहीत.

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच सांगितलंत. परवा. मला.”

“तुला नाही सांगितलं,” मावशी म्हणाल्या. “तिला सांगितलं.”

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. मावशींच्या चेहऱ्यावर तिची कसलीही दखल उमटली नाही, हे ओळबाईने पाहिले.

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं? ती मी नव्हते हे?”

“वर्षभर मी तुमची तोंडं वाचतेय. तुझ्या वरच्या ओठावर शिवल्याची खूण आहे. तिला नव्हती.” त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “केस बरे दिसत नाहीत तुला. पण तूच आहेस.”

“मी दाराबाहेर उभी होते, मावशी. हाका मारत होते.”

“ते मला कसं कळणार?”

तरी ओळबाईला राहवेना. कॅमेऱ्याविषयी तिने अवाक्षर काढायचे नाही असे ठरवले होते आणि ते तिने काढले नाही. पण एक प्रश्न तिच्या डोक्यात दोन दिवस घोळत होता.

“आणि सकाळी दोराबाई बोलत होती, तेव्हा तुम्ही का गप्प राहिलात?”

“ती बोलत होती का?” मावशी म्हणाल्या. “ती माझ्या डाव्या बाजूला बसते.”

“मग परक्या बाईला का सांगितलंत? आम्ही इथं होतो ना? नऊ वर्षं होतो.”

मावशींनी विचार केला. पुस्तक कोणत्या कपाटात असेल याचा ग्रंथपाल करतात तसा, सावकाश, कुणाचीही घाई न मानता.

“तिनं विचारलं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जरा अवघडून, “ती परत यायची आहे का?”

ओळबाईने मान हलवली. मावशींच्या चेहऱ्यावर जे उमटले ते तिला या कोनातून, पडद्याशिवाय, पहिल्यांदाच दिसत होते, आणि ती निराशा होती यात शंका घेण्यास जागा नव्हती. आपल्या जागी येऊन गेलेल्या बाईची कुणीतरी वाट बघावी आणि खरी ओळबाई आपणच आहोत हे ज्या माणसाला पटलेले आहे त्यानेच बघावी, या प्रकाराला काय म्हणावे, हे शब्दांवर पोट भरणाऱ्या ओळबाईला सांगता आले नसते. तिला खोलीत जाऊन कडी लावावीशी वाटली. पावले वळलीही.

“मग तू बस,” मावशी म्हणाल्या. “पण शेजारी नको. समोर बस.”

तिने आपली खुर्ची उचलली, फिरवली, आणि खिडकीकडे पाठ करून ठेवली. खुर्चीच्या चार पायांच्या जागी फरशीवर चार फिकट ठसे राहिले. ती बसली. दोघींचे गुडघे जवळजवळ टेकत होते.

“काय बोलू?”

“काहीही बोल. तोंड झाकू नकोस, आणि भराभर नको.”

ओळबाईने बोलायला सुरुवात केली. आधी शब्द अडतीस अडतीस अक्षरांनी आले, मग ते भान सुटले. वेणी जमिनीवर पडली तिथपासून तिने सांगितले. झाकलेला आरसा, आरशातून बाजूला न होणारी बाई, दुकानदाराचे ‘बाईसाहेब’, दाराची चौकट, आतून आलेला स्वतःचा खोकला. कॅमेरा तेवढा वगळला. सांगताना तिचा आवाज कधी पोटातून आला, कधी घशातून, कधी आलाच नाही. मावशींना त्याने काही फरक पडत नव्हता. त्या पुढे झुकल्या होत्या. त्यांचे घारे डोळे तिच्या ओठांवर डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे सरकत होते. ती रडू लागली तेव्हाही ते डोळे वर आले नाहीत. ओठ थरथरल्यामुळे मधला एक शब्द लागला नाही, तो पुन्हा सांग, एवढेच त्या म्हणाल्या, आणि ओळबाईने तो पुन्हा सांगितला.